पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

काल रात्री सगळं येत होतं. सकाळी बसमध्ये नोट्स चाळल्या तेव्हाही ओळ न् ओळ ओळखीची होती. पेपरात ‘विस्मरणाची कारणे स्पष्ट करा’ हा प्रश्न दिसला आणि उत्तराचं पान डोळ्यांपुढे आलं. डावीकडचं पान, खालचा परिच्छेद, त्यावर पिवळा हायलायटर. सगळं आठवलं, फक्त कारणं आठवेनात. हॉलबाहेर मैत्रिणीने पहिलं कारण उच्चारलं मात्र, ‘अगं, हे तर मला येत होतं!’ असं तोंडातून निघालं.

हा अनुभव कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. मानसशास्त्र घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र त्यात एक गंमत आहे. अध्ययन आणि स्मृती हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो. माणूस का विसरतो, कसं शिकलं तर टिकतं, यावर सव्वाशेहून अधिक वर्षांचं संशोधन ते वाचतात, त्यावर प्रॅक्टिकल करतात, जर्नल पुरं करतात. मग परीक्षेच्या आदल्या रात्री तेच संशोधन गाइडमधून चार वेळा वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. ज्ञान हाताशी असून ते स्वतःला लावावंसं का वाटत नाही? त्याचंही उत्तर याच संशोधनात आहे.

घड्याळाच्या टिकटिकीवर पाठ केलेल्या याद्या

स्मृती मोजता येते असं पहिल्यांदा दाखवलं हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने प्रयोग केले ते स्वतःवरच. सब्जेक्टही तोच आणि प्रयोगकर्ताही तोच. १८८५ मध्ये त्याचं स्मृतीवरचं छोटं पुस्तक निघालं आणि हा विषय तत्त्वज्ञांच्या गप्पांतून प्रयोगशाळेत आला.

त्याच्यापुढची पहिली अडचण अशी की, खऱ्या शब्दांना माणसाच्या जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात. ‘आंबा’ हा शब्द लक्षात ठेवायला कुणाला कष्ट पडतात? म्हणून त्याने दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून अर्थ नसलेले सुमारे २३०० शब्द बनवले. मराठीत करायचं तर टुफ, बेघ, झिड, लोय असं काहीतरी. त्यांच्या याद्या तो घड्याळाच्या टिकटिकीवर एका ठरावीक वेगाने मोठ्याने वाचायचा आणि न चुकता म्हणता येईपर्यंत थांबायचा नाही. मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायची.

त्याची युक्ती इथे आहे. ‘किती आठवतंय?’ असं त्याने विचारलंच नाही. दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागला, हे त्याने मोजलं. पहिल्यांदा २० मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा १२, तर ८ मिनिटं वाचली, म्हणजे ४० टक्के बचत. यादीतला एकही शब्द आठवत नसला तरी बचत निघू शकते. ‘काहीच आठवत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हाही आत थोडंफार शिल्लक असतं, हे त्यामुळे पहिल्यांदा कळलं.

┌───────────────
चौकट : एबिंगहाऊसची बचत
यादी पाठ केल्यानंतर गेलेला वेळ आणि पुन्हा पाठ करताना झालेली बचत (अंदाजे) :
२० मिनिटांनी : ५८ टक्के
१ तासाने : ४४ टक्के
९ तासांनी : ३६ टक्के
१ दिवसाने : ३४ टक्के
२ दिवसांनी : २८ टक्के
६ दिवसांनी : २५ टक्के
३१ दिवसांनी : २१ टक्के
└───────────────

आकडे वरून खाली नीट पाहा. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त गेलं. पुढे मात्र घसरण मंदावते. सहा दिवसांनंतर महिना उलटेपर्यंत फक्त चार टक्के. आलेखावर मांडलं की ही रेघ आधी कड्यासारखी कोसळते आणि मग जवळजवळ आडवी होते. हाच तो विस्मरणाचा वक्र. २०१५ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हा प्रयोग जवळपास तसाच पुन्हा केला, त्यांच्यापैकी एकाने स्वतः याद्या पाठ केल्या, आणि वक्र बराचसा तसाच आला.

प्रशिक्षण शिबिरांच्या स्लाइडवर मात्र हा वक्र भलताच होऊन येतो : ‘माणूस शिकलेल्यापैकी ६६ टक्के २४ तासांत विसरतो’. एबिंगहाऊस असं काही म्हणाला नव्हता. आकडा बचतीचा आहे आणि तोही निरर्थक शब्दांचा. अर्थ असलेल्या मजकुराचं गणित वेगळं. बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातली कडवी पाठ करायला आपल्याला निरर्थक यादीच्या साधारण एक दशांश कष्ट पुरले, असं त्यानेच नोंदवलं आहे.

त्याची आणखी एक नोंद विद्यार्थ्याच्या फार कामाची आहे. बारा शब्दांची यादी एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाठ करायला जेवढे कष्ट पडायचे, साधारण तेवढेच ती तीन दिवसांत विभागून फक्त ३८ वेळा म्हटल्यावरही पडायचे. जवळजवळ निम्मी मेहनत, फळ तेच. १८८५ पासून छापील असलेली ही गोष्ट आपल्या परीक्षांच्या जगात अजून पोचलेली दिसत नाही.

दिसलं की ओळखतो, विचारलं की अडतो

आता त्या पिवळ्या हायलायटरकडे वळू. स्कूटरवर वडिलांच्या मागे बसून वर्षानुवर्षं स्वारगेटहून आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वळण, प्रत्येक दुकानाची पाटी तिच्या ओळखीची. ‘रस्ता माहीत आहे का?’ असं विचारलं तर ती हसेल. पण पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली की दुसऱ्या सिग्नललाच अडेल : इथून डावीकडे की सरळ? रस्ता समोर आल्यावर ओळखणं आणि समोर नसताना तो काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला पाठ्यपुस्तकात प्रत्यभिज्ञा म्हणतात, दुसऱ्याला प्रत्यावाहन. नोट्स पुन्हा पुन्हा वाचणारा मागच्या सीटवर बसलेला असतो आणि दीर्घोत्तरी पेपरात त्याला गाडी चालवायची असते.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी हा फरक मोजला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग साधा आहे. विद्यार्थ्यांना अडीचशे-पावणेतीनशे शब्दांचे उतारे दिले. एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला, नुसता वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत तो बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. चूक की बरोबर, हे कुणी सांगितलं नाही. मजकूर परत दाखवलाही नाही. पहिल्या गटाच्या वाट्याला सरासरी चौदा वाचनं आली, दुसऱ्याच्या वाट्याला साडेतीनही नाहीत.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. ‘आदल्या रात्री वाचलं तर फायदा होतो’ असं म्हणणारी मुलं खोटं बोलत नाहीत, ती याच पाच मिनिटांबद्दल बोलत असतात. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पार फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, कोऱ्या कागदावर लिहिणाऱ्यांना ६१.

मला या प्रयोगातला तिसरा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. ‘आठवड्याने हे तुम्हाला किती आठवेल?’ असं दोन्ही गटांना आधीच विचारलं होतं. जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना. चौथ्या-पाचव्या वाचनाला डोळे मजकुरावरून सहज घसरत जातात. त्या सहजतेलाच मन ‘आलं’ असं समजतं. कोऱ्या कागदापुढे बसलेला मात्र अडखळतो, डोकं खाजवतो, अर्धं सुटलंय हे त्याला स्वतःला दिसतं, म्हणून तो धास्तावलेला असतो. वाचणाऱ्याला वाटतं येतंय आणि येत नसतं. लिहिणाऱ्याला वाटतं येत नाही आणि येत असतं. संशोधन माहीत असूनही विद्यार्थी वाचनाकडेच का वळतात, ते इथे उलगडतं. दर वेळी ‘झालं माझं’ हा दिलासा वाचनातूनच मिळतो. याच विद्यापीठात १७७ विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाच्या सवयी विचारल्या, तेव्हा ८४ टक्क्यांनी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असं सांगितलं. पुस्तक मिटून स्वतः आठवून पाहणारे ११ टक्के निघाले.

अडखळण्याचा फायदा

आठवून पाहण्याने आठवण पक्की का व्हावी? आठवण म्हणजे डोक्यात कुठेतरी ठेवलेला कागद, अशी आपली कल्पना असते. तो काढून पाहिला काय आणि न पाहिला काय, कागद तोच. मेंदूत तसा एकसंध कागद नसतो. एखादी गोष्ट शिकताना चेतापेशींचा एक संच एकत्र काम करतो आणि त्यांच्यातले जोड बळकट होतात. आठवायचं म्हणजे त्या संचातल्या एखाद्या धाग्यावरून, म्हणजे संकेतावरून, बाकीचा संच पुन्हा जागा करायचा. पुस्तक उघडं असताना हा संकेत शोधावाच लागत नाही. मिटल्यावर मन चाचपडतं. ‘विस्मरणाची कारणं... त्यात ते अडथळ्याचं काहीतरी होतं... नवीन शिकलेलं जुन्याच्या आड येतं...’ असं करत ते आजूबाजूच्या गोष्टीही जाग्या करतं, आणि उत्तराकडे जाणाऱ्या वाटा वाढतात. पेपरातला प्रश्न वेगळ्या शब्दांत आला तरी एखादी वाट सापडते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या रॉबर्ट बियॉर्क यांनी यात एक महत्त्वाचा भेद केला. एखादी गोष्ट आत्ता किती चटकन आठवते हे एक, आणि ती आत किती खोल रुजली आहे हे दुसरं. नुकतंच वाचलेलं चटकन आठवतं, पण रुजलेलं नसतं. आणि चटकन आठवत असताना पुन्हा तेच करत बसलं तर रुजण्यात फारशी भर पडत नाही. थोडं विसरू द्यावं, मग जोर लावून आठवावं, तेव्हा भर जास्त पडते. एबिंगहाऊसची ३८ वाचनं ६८ ला भारी का पडली, त्याचं एक कारण हेच : मधल्या रात्रींत थोडं विसरायला सवड मिळाली. या उपयोगाच्या अडचणी. आठवायचा प्रयत्न पार फसला तर मात्र उपयोग नाही. म्हणून अडल्यावर लगेच पुस्तक उघडून तेवढंच पाहून घ्यायचं.

आरशातली चांदणी

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांना सगळ्यात आवडणारं उपकरण म्हणजे मिरर ड्रॉइंग. टेबलावर चांदणीची दुहेरी रेघेतली आकृती, समोर उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये आडवी पट्टी. फक्त आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेघेवर जमतं. पहिल्या टोकाशी आलं की हात अडतो. वर न्यायचा म्हटलं की खाली जातो, सोडवायला जावं तर आणखी गुंततो. जोडीदार स्टॉपवॉच घेऊन चुका मोजत असतो, आणि आधी हसणारा तोच थोड्या वेळाने स्वतः अडकतो. आपल्या कॉलेजांत हा प्रयोग सहसा एका हाताचा सराव दुसऱ्या हाताला किती उपयोगी पडतो हे पाहण्यासाठी करतात. काही मिनिटांत चुका झपाट्याने कमी होतात. कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. हाताला कळलेलं असतं.

याच चांदणीने स्मृतीच्या अभ्यासाची दिशा बदलली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने २७ वर्षांच्या एका तरुणावर अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया केली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानाच्या पातळीवर मेंदूत खोल असलेला समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग, बऱ्याच अंशी काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणंच थांबलं. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नवाच. हयातभर संशोधनात तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखला गेला. २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झालं.

माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशातली चांदणी काढायला दिली. तीन दिवस सराव घेतला. रोज त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्याच्या चुका कालच्यापेक्षा कमी व्हायच्या. तिसऱ्या दिवशी रेघ जवळजवळ स्वच्छ आली. प्रसंगांची आणि माहितीची आठवण एका व्यवस्थेकडे असते आणि हाताच्या कौशल्याची दुसरीकडे, हे त्यातून उघड झालं. मोलेसनची पहिली व्यवस्था गेली होती, दुसरी शाबूत होती.

सेंट लुईसच्या विद्यार्थ्यांना येत नसताना येतंय असं वाटत होतं. मोलेसनला येत असूनही आपण हे कधी केलंच नाही असं वाटत होतं. ‘मला येतं का?’ हे मनाला विचारून कळत नाही. करून पाहिल्यावरच कळतं.

पाठांतराची उगाच झालेली बदनामी

इथवर वाचून कुणी म्हणेल, शेवटी घोकंपट्टी वाईट हेच ना? तसं नाही. उघडं पुस्तक समोर धरून घोकणं आणि न बघता म्हणणं यांत मोठा फरक आहे, आणि आपल्या जुन्या पाठांतराचा भर दुसऱ्यावर होता. पाढ्यांची पाटी पुसून गुरुजी मध्येच बोट दाखवत, ‘तेरा सत्ते?’ क्रम मोडून विचारलेला असा प्रश्न म्हणजे छोटीशी आठवण-परीक्षाच, आणि ती रोज व्हायची. वेदपाठशाळांतली घनपाठाची पद्धत तर आणखी कसून बांधलेली. तीन शब्द घेतले तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमाने म्हणायचे आणि मग एक शब्द पुढे सरकायचं. उलटसुलट क्रमामुळे ओघात वाहून जाता येत नाही, प्रत्येक शब्द जागेवर आहे की नाही याची तपासणी होते. यात अर्थ समजण्याची हमी नाही, हे खरंच. पण टिकवण्याचं तंत्र म्हणून ते गाइड चाळण्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

याउलट, ज्यांच्यावर आज बराच विश्वास आहे अशा काही गोष्टी तपासणीत टिकल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत आल्या. हायलायटर मारणं आणि पुन्हा वाचणं तळाला गेलं. ‘मी पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ या शैलींच्या कल्पनेचंही तसंच. त्या त्या शैलीने शिकवल्यास जास्त टिकतं याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवलं. शिक्षकांच्या कार्यशाळांत मात्र शैलींचे तक्ते अजून वाटले जातात, आणि याचा मला वैताग येतो.

जागरण, झोप आणि अकरा दिवस

जागरणाबद्दल थोडक्यात. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या. आठ तास झोपून उठल्यावर दहापैकी पाचेक आठवायचे, आठ तास जागं राहिल्यावर जेमतेम एखादा. झोपेत नवं काही येऊन जुन्याला ढकलत नाही, हा त्यांचा खुलासा अर्धाच होता. १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिसलं की, जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्या नंतरच्या झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होतात. झोपेतही उजळणी चाललेली असते, आणि रात्रभर वाचणारा नेमकी तीच बुडवतो.

उरला प्रश्न अंतराचा. दोन उजळण्यांत किती दिवस जाऊ द्यावेत? निकोलस सेपेडा, पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेतेराशे लोकांवर हे तपासलं. शेवटची परीक्षा आठवड्याने असेल तर मधलं अंतर एका दिवसाचं उत्तम ठरलं. परीक्षा पस्तीस दिवसांनी असेल तर अकरा दिवसांचं, आणि सत्तर दिवसांनी किंवा जवळजवळ वर्षाने असेल तर तीन आठवड्यांचं. म्हणजे पुढच्या वर्षी नेट-सेट द्यायची असेल तर तीन आठवड्यांनी परत त्या प्रकरणाकडे यावं. पहिल्या सत्राचा पेपर ऑक्टोबरात असेल तर हिशेब आणखी सोपा : गणपती बसतील त्या दिवशी एक प्रकरण वाचायचं आणि अनंत चतुर्दशीला, मिरवणुकीला बाहेर पडण्याआधी, पुस्तक न उघडता ते लिहून काढायचं.